पट्टीतले दोन रुपये कुठे गेले? जावास्क्रिप्टमधल्या मॅथबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या खोलीत रविवारी सकाळी आठ-दहा मुलंमुली वेबपेज बनवायला शिकतात. कुणी निफाडकडून येतं, कुणी सिन्नरहून, कुणी पंचवटीतून चालत. बहुतेकांच्या घरी शेती नाहीतर दुकान आहे. त्यामुळे सरावाला कांद्याची पट्टी (व्यापारी शेतकऱ्याला देतो ते मालाचं बिल), द्राक्षांचे क्रेट, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता असलेच हिशोब असतात. दर वर्षी मुलं बदलतात, प्रश्न तेच राहतात. ते इथे एकत्र केले आहेत.

मॅथ म्हणजे काय? ते वेगळं डाउनलोड करावं लागतं का?

नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट (वेबपेजकडून कामं करून घ्यायची प्रोग्रामिंगची भाषा) आहे म्हणजे मॅथ आहेच. भाषेसोबत मिळालेली ती एक पेटी आहे. तिच्यात पाय, ई यांसारखे काही स्थिरांक आणि राउंड, मॅक्स, साइन, रँडम अशी फंक्शनं (आकडा दिला की उत्तर काढून देणारी तयार कामं) ठेवलेली आहेत. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी ही भाषा पहिल्यांदा उभी केली. बरीचशी जुनी फंक्शनं त्या सुरुवातीच्या काळातली आहेत. ट्रंक, साइन-चिन्ह ओळखणारं फंक्शन, हायपॉट, लॉग-टेन ही मंडळी २०१५ च्या आवृत्तीत आली.

पेटी एकच असते, म्हणून तिच्यापुढे 'न्यू' लावायचं नाही. लावलंत तर एरर येते. थेट मॅथ.राउंड(७.६) असं लिहायचं आणि ८ घ्यायचे.

नावं देवनागरीत लिहिली तर चालतील का?

अर्धं चालेल. तुमच्या व्हेरिएबलला (आकडा साठवायच्या खणाला) तुम्ही 'भाव', 'वजन', 'हमाली' अशी नावं खुशाल देऊ शकता, जावास्क्रिप्ट ती आनंदाने घेते. मी मुलांना सुरुवातीला असंच लिहायला लावतो, कारण 'वजन गुणिले भाव' डोळ्यांना लगेच कळतं. पण मॅथ आणि त्यातली फंक्शनं भाषेची स्वतःची आहेत, ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात. स्क्रिप्टमधले आकडेही रोमनच हवेत. या पानावर मी सगळं देवनागरीत लिहिलंय ते वाचण्यासाठी.

अक्षरं लहान-मोठी असण्याला महत्त्व आहे. मॅथचं पहिलं अक्षर कॅपिटल, फंक्शनांची नावं लहान अक्षराने सुरू होणारी, पाय मात्र पूर्ण कॅपिटल. नवख्यांच्या निम्म्या एरर इथेच सुटतात.

राउंड, फ्लोअर, सील आणि ट्रंक: चारही अपूर्णांक काढूनच टाकतात ना? मग चार कशाला?

कारण अपूर्णांक कुठल्या बाजूला जाणार हे चौघंही वेगवेगळं ठरवतात.

फ्लोअर नेहमी खाली जातो. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. द्राक्षबागेत ९ बाय ६ फुटांवर लागवड करायची तर एका वेलीला ५४ चौरस फूट लागतात आणि भागाकार ८०६.६६ येतो. पाऊण वेल कुणी लावत नाही, म्हणून मॅथ.फ्लोअर आणि उत्तर ८०६. (९ बाय ५ घेतलंत तर नेमक्या ९६८ येतात, तिथे प्रश्नच मिटला.)

सील वर जातो. १,२५० किलो द्राक्षं २० किलोच्या क्रेटमध्ये भरायची तर ६२.५ क्रेट लागतात. अर्धा क्रेट मिळत नाही आणि दहा किलो माल बांधावर ठेवून येता येत नाही. म्हणून मॅथ.सील आणि ६३.

ट्रंक फक्त दशांशचिन्हानंतरचं कापतो. धन आकड्यांवर तो आणि फ्लोअर सारखेच वागतात, फरक पडतो ऋण आकड्यांवर. मॅथ.फ्लोअर(-७.३) म्हणजे -८, पण मॅथ.ट्रंक(-७.३) म्हणजे -७.

राउंड जवळच्या पूर्णांकाकडे जातो, पण नेमका अर्धा आला की तो वरच्या बाजूला झुकतो. मॅथ.राउंड(२.५) हे ३ देतं आणि मॅथ.राउंड(-२.५) हे -२ देतं, -३ नाही. उचल घेतलेल्या माणसाची बाकी ऋण धरत असाल तर हे फार जपा. नाहीतर येणं आणि देणं यांना दोन वेगळे नियम लागतील आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. दोन्हीकडे सारखा नियम हवा असेल तर आधी मॅथ.अ‍ॅब्सने चिन्ह काढा, राउंड करा आणि मॅथ.साइन्-चं चिन्ह पुन्हा लावा. (हे चिन्ह सांगणारं फंक्शन, त्रिकोणमितीतलं नव्हे. रोमन स्पेलिंग वेगळं आहे, मराठीत लिहिताना तेवढा गोंधळ होतो.)

पानावरची पट्टी आणि हाताने केलेली बेरीज जुळत नाही. कुठे चुकतंय?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी बाजार समितीतल्या एका व्यापाऱ्यासाठी मी पट्टीचं पान बनवलं होतं. वजन आणि भाव भरायचा, ओळीची रक्कम आपोआप, खाली बेरीज. प्रत्येक ओळीला मी फ्लोअर लावला होता, पैसे दिसले की पट्टी किचकट वाटते म्हणून. एके दिवशी एका म्हाताऱ्या शेतकरी बाबांनी पाकिटाच्या मागे पेन्सिलीने हिशोब मांडला आणि म्हणाले, "भाऊ, दोन रुपये कमी लागत्यात." मी हसलो नाही, पण मनात म्हटलं, दोन रुपये! मग त्यांच्या पाकिटावरचे आकडे पाहिले. साधारण असे होते:

उन्हाळ कांदा १२.३५ क्विंटल, भाव १,४५१: रक्कम १७,९१९.८५
गोल्टी (लहान कांदा) ३.४० क्विंटल, भाव ९०२: रक्कम ३,०६६.८०
खाद (हलक्या प्रतीचा कांदा) १.१५ क्विंटल, भाव ४५५: रक्कम ५२३.२५

खरी बेरीज २१,५०९.९०, म्हणजे रुपयांत २१,५१०. माझ्या पानावर १७,९१९ अधिक ३,०६६ अधिक ५२३, म्हणजे २१,५०८. बाबांचं बरोबर होतं.

रक्कम लहान होती, पण दिशा पाहा. फ्लोअर कधीच वर जात नाही. म्हणजे प्रत्येक ओळीत, प्रत्येक पट्टीत, रोज, पैसे एकाच खिशातून जात होते आणि तो खिसा शेतकऱ्याचा होता. दिवसाला दोनशे पट्ट्या निघाल्या आणि दर पट्टीला दोन रुपये गेले, तर चारशे रुपये. कुणी चोरी केली नव्हती. मी एक शब्द निष्काळजीपणे लिहिला होता.

तेव्हापासून नियम असा: ओळीत पैसे ठेवायचे, बेरीज पैशांसकट करायची आणि रुपयात आणायचंच असेल तर एकदाच, सगळ्यात शेवटी, राउंडने. पूर्णांकात आणल्यामुळे किती फरक पडला ती ओळही पट्टीवर छापायची. दुकानांच्या बिलावर 'राउंड ऑफ' असं लिहितात तसं. जीएसटीच्या रकमेसाठी तर कायद्यातच नियम आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा २०१७ चं कलम १७० सांगतं की पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरा, कमी असतील तर सोडून द्या. धन आकड्यांवर मॅथ.राउंड नेमकं हेच करतं.

०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४ असं का येतं? ब्राउझर बिघडलाय का?

ब्राउझर ठणठणीत आहे. जावास्क्रिप्टमधली नेहमीची संख्या ६४ बिटांच्या दुहेरी अचूकतेच्या साच्यात बसवली जाते आणि तो साचा द्विमान पद्धतीचा आहे. आपल्या दशमान पद्धतीत एक भागिले तीन जसं ०.३३३३... असं संपतच नाही, तसं द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. कुठेतरी कापावं लागतं, आणि कापलेलं बेरजेत वर येतं.

एवढं माहीत असूनही फसायला होतं, कारण ही बारीकशी चूक फ्लोअर आणि सीलच्या हाती पडली की मोठी होते. १९.९९ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं तर १९९८.९९९९९९९९९९९९८ येतात. त्यावर फ्लोअर लावा, १९९८. एक पैसा गेला. उलट ०.०७ गुणिले १०० म्हणजे ७.००००००००००००००१. त्यावर सील लावा, ८. एक पैसा जास्त. दोन्हीकडे राउंड लावलं असतं तर १९९९ आणि ७ बरोबर आले असते. रुपयांचे पैसे करताना राउंडच वापरा.

मग पैशांचा हिशोब करायचाच कसा?

पूर्णांकात. सगळ्या रकमा पैशांमध्ये साठवा आणि पडद्यावर दाखवताना तेवढं १०० ने भागा.

कांद्याच्या बाबतीत तर एक गंमत आपल्या बाजूने आहे. क्विंटल म्हणजे १०० किलो आणि रुपया म्हणजे १०० पैसे. त्यामुळे क्विंटलचा रुपयांतला भाव हाच किलोचा पैशांतला भाव असतो! १,४५१ रुपये क्विंटल म्हणजे किलोला १,४५१ पैसे. वजन किलोत घ्या, १,२३५. गुणाकार १७,९१,९८५ पैसे. कुठेही दशांशचिन्ह आलं नाही, म्हणजे कापाकापीही झाली नाही. हे पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा मलाच फार बरं वाटलं होतं. ज्या बाबांनी पाकिटावर हिशोब केला, ते आयुष्यभर मनात हेच करत असणार.

टू-फिक्स्ड वापरलं तर काम होत नाही का?

टू-फिक्स्ड म्हणजे आकडा ठरावीक दशांशांपर्यंत लिहून देणारं फंक्शन. दाखवायला वापरा, हिशोबाला नको. दोन कारणं आहेत. पहिलं, ते संख्या देत नाही, मजकूर देतं. त्यात पुढे काही मिळवायला गेलात तर बेरीज होण्याऐवजी आकडे एकमेकांना चिकटतात. दुसरं, १.००५ ला दोन दशांशांपर्यंत टू-फिक्स्ड केलं तर १.०१ ऐवजी १.०० मिळतं, कारण आत साठवलेली संख्या मुळात १.००५ पेक्षा किंचित कमी आहे.

खोक्यात बरोबर आकडा भरला, तरी उत्तर भलतंच येतं.

फॉर्मच्या खोक्यातून जे येतं ते कायम मजकूर असतं. १२० आणि ८० यांच्यामध्ये अधिक चिन्ह ठेवलंत तर २०० नाही, १२०८० मिळतात. आधी नंबर किंवा पार्स-फ्लोटने संख्या करून घ्या.

आणि इथे आपल्याकडच्या दोन सवयी आडव्या येतात. एक म्हणजे स्वल्पविराम. कुणी भाव '१,२५०' असा टाकला तर पार्स-फ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतो आणि १ परत करतो. साडेबाराशेचा कांदा एक रुपयाला गेला, आणि एररसुद्धा नाही! नंबर निदान 'संख्या नाही' असं सांगतो, म्हणून मला तो जास्त विश्वासाचा वाटतो. स्वल्पविराम आधी काढून टाका.

दुसरी सवय देवनागरी आकड्यांची. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून कुणी १२५० असं देवनागरीत टाकलं, तर नंबरला ते वाचता येत नाही. त्या माणसाला 'इंग्रजीत टाका' असं सांगू नका, तुम्हीच बदलून घ्या. '०१२३४५६७८९' अशी एक ओळ ठेवा आणि आलेलं प्रत्येक अक्षर तिच्यात कितव्या जागी आहे ते इंडेक्स-ऑफने शोधा. जागा शून्यापासून मोजली जाते, म्हणून जागेचा क्रमांक हाच अंक. चार ओळींचं काम आहे, आणि ते केल्यावर कुणाच्याही आजीला तुमचं पान वापरता येतं.

रिकाम्या खोक्याचंही पाहा. नंबरला रिकामा मजकूर दिला तर तो ० देतो. भाव भरायचा राहिला तर पट्टी शून्याची निघेल. रिकामं आहे का हे आधी तपासा.

'एनएएन' असं दिसतं, ते काय?

'ही संख्या नाही' असा निरोप. मॅथ.स्क्वेअर-रूट(-१) केलंत किंवा राउंडला अक्षरं दिलीत की येतो. हा निरोप स्वतःशीसुद्धा समान नसतो, म्हणून बरोबर चिन्हाने तपासता येत नाही. नंबर.इज-एनएएन वापरा.

दिवसभरातला सर्वात जास्त भाव काढायचा आहे. मॅथ.मॅक्सला यादी दिली तर 'एनएएन' का?

मॅक्सला यादी नको असते, सुटे आकडे हवे असतात. यादीपुढे तीन टिंबं लावा, म्हणजे ती सुटी होते: मॅथ.मॅक्स(...भाव). मिनचंही तसंच.

खरी मेख पुढे आहे. यादी रिकामी असेल तर मॅथ.मॅक्स उणे अनंत देतो आणि मॅथ.मिन अधिक अनंत. लासलगावला लिलाव बंद असलेल्या दिवशी तुमच्या पानावर 'आजचा सर्वाधिक भाव: -इन्फिनिटी' झळकेल. गणिताच्या दृष्टीने हे योग्य आहे, कारण कुठलाही पहिला आकडा उणे अनंतापेक्षा मोठाच ठरतो. पण पान वाचणाऱ्याला 'आज लिलाव नाही' एवढंच हवं असतं. यादीची लांबी आधी पाहा.

यादीत लाखो आकडे असतील तर तीन टिंबांची युक्ती कोलमडू शकते. तिथे एकेक आकडा पाहत जाणारा साधा लूप लिहा.

सोसायटीच्या पार्किंगची सोडत काढायची आहे. मॅथ.रँडम चालेल?

मॅथ.रँडम ० ते १ मधली संख्या देतं. ० येऊ शकतो, १ कधीच नाही. फाशासारखे १ ते ६ हवे असतील तर सहाने गुणा, फ्लोअर लावा, एक मिळवा. इथे फ्लोअरऐवजी राउंड वापरायचा मोह होतो. पाचने गुणून राउंड केलं आणि एक मिळवला तर आकडे १ ते ६ च येतात, पण १ आणि ६ येण्याची शक्यता प्रत्येकी एक दशांश आणि मधल्यांची प्रत्येकी एक पंचमांश होते. टोकाच्यांवर अन्याय.

यादी पिसायला अनेक जण सॉर्टमध्ये (यादी क्रमाने लावणाऱ्या फंक्शनमध्ये) रँडम वजा अर्धा टाकतात. तसं करू नका, त्यात सगळे क्रम सारख्या शक्यतेने येत नाहीत. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये सांगितलेली रीत वापरा. संगणकाला सोयीचं तिचं रूप रिचर्ड ड्युरस्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये दिलं. शेवटच्या नावापासून सुरू करा, त्याच्यासकट उरलेल्यांतलं कुठलंही एक निवडा, दोघांची अदलाबदल करा, एक पाऊल मागे या. इतकंच.

तरीही जिथे भांडणं होऊ शकतात अशी सोडत मी क्रिप्टो या ब्राउझरमधल्या सुरक्षेसाठीच्या पेटीतल्या गेट-रँडम-व्हॅल्यूजवरच काढेन. मॅथ.रँडमचे पुढचे आकडे हुशार माणसाला आधीच्या आकड्यांवरून ओळखता येऊ शकतात.

ओटीपी किंवा पासवर्ड बनवायला?

मॅथ.रँडम अजिबात नको. क्रिप्टोच वापरा.

साइन ३० अर्धा यायला हवा. मला -०.९८८ आलं!

मॅथ.साइनला अंश कळत नाहीत, रेडियन कळतात. अंशांना मॅथ.पायने गुणा आणि १८० ने भागा, मग द्या. उत्तर ०.५ च्या ऐवजी ०.४९९९९९९९९९९९९९९४ आलं तर घाबरू नका, वर सांगितलेलीच कापाकापी आहे.

रेडियन म्हणजे कोन मोजायला वर्तुळाची त्रिज्याच माप म्हणून घ्यायची. मुलांना हे परकं वाटतं, तेव्हा मी आर्यभटाची 'ज्या'ची, म्हणजे साइनची, सारणी सांगतो. पाचव्या शतकाच्या अखेरीस त्याने त्रिज्या ३,४३८ घेतली. हाच आकडा का? अंशाचा साठावा भाग म्हणजे कला; पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात. त्यांना दोन पायने भागा, ३,४३७.७५ येतात. म्हणजे त्याने कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजले. 'साइन' हा शब्दसुद्धा ज्या, जीवा या शब्दांचाच अरबी आणि लॅटिनमधून फिरून आलेला अवतार आहे. आपल्या घरचीच लेक आहे ती.

दोन ठिकाणांमधलं अंतर मॅथने काढता येतं का?

हवाई अंतर येतं. अक्षांश-रेखांश रेडियनमध्ये करा. अक्षांशांच्या फरकाच्या निम्म्याचा साइन घेऊन वर्ग करा. रेखांशांच्या फरकाचंही तसंच करा, पण त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा. बेरजेचं वर्गमूळ घ्या, त्याचा आर्क-साइन, आणि त्याला दोन गुणिले ६,३७१ ने गुणा. ६,३७१ किलोमीटर ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या.

नाशिकसाठी २०.०० आणि ७३.७९, त्र्यंबकेश्वरसाठी १९.९३ आणि ७३.५३ घेऊन पाहा, सुमारे २८ किलोमीटर यायला हवेत. यापेक्षा फारच वेगळं आलं तर रेडियन करायचं विसरलात. सिंहस्थासाठी पान बनवणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, चालणाऱ्या माणसाला हवाई अंतराचा उपयोग नाही. तिथे 'हवाई' हा शब्द स्पष्ट लिहा.

कर्जाच्या हप्त्यासाठी घात काढायला मॅथ.पॉव वापरू की दोन फुल्या (**)?

दोन्ही एकच. दोन फुल्यांचं चिन्ह २०१६ मध्ये आलं आणि वाचायला सोपं आहे. फक्त त्याच्यापुढे उणे चिन्ह थेट लावता येत नाही, कंस लागतो.

महिन्याचा व्याजदर 'द' आणि हप्ते 'न' असतील तर (१+द) चा न-वा घात काढा. मुद्दल गुणिले द गुणिले हा घात, भागिले घात वजा एक. एक लाख रुपये, वर्षाला १२ टक्के, १२ हप्ते: ८,८८४.८८ रुपये. हप्ता ८,८८५ धरलात तर शेवटचा हप्ता सुमारे दीड रुपयाने कमी यायला हवा. तो कमी दाखवा.

मॅथ.लॉग(१०००) ला ३ का येत नाही?

मॅथ.लॉग ई पायाचा आहे. दहाच्या पायासाठी मॅथ.लॉग-टेन घ्या. जुन्या कोडमध्ये मॅथ.लॉगला एलएन-टेनने (दहाच्या ई पायाच्या लॉगने) भागलेलं दिसतं, त्यात २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं आणि पुढे फ्लोअर असेल तर २.

सगळ्या ब्राउझरमध्ये उत्तर तंतोतंत सारखं येतं का?

राउंड, फ्लोअर, मॅक्स यांचं येतं. साइन, लॉग, घात यांच्या शेवटच्या अंकात फरक पडायला नियमानेच मुभा आहे. म्हणून अशी उत्तरं 'बरोबर' चिन्हाने जोखू नका, फरक किती आहे ते पाहा.

फार मोठे आकडे?

९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक सुरक्षित आहे. पैशांत धरलं तरी आपल्या कुठल्याही पेढीला पुरेल. त्यापुढे बिगइंट हा कितीही मोठ्या पूर्णांकांचा वेगळा प्रकार आहे, पण मॅथची फंक्शनं बिगइंट घेत नाहीत, एरर देतात.

हिशोब झाला. आता रक्कम लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह आणि मराठी आकड्यांत दाखवता येईल?

येईल, आणि हे नक्की करा. टू-लोकेल-स्ट्रिंग या आकडा त्या-त्या भाषेच्या रीतीने लिहून देणाऱ्या फंक्शनला भारतातल्या मराठीचा संकेत द्या, म्हणजे १२,३४,५६७.५ असं देवनागरीत दिसेल. रोमन आकडे हवे असतील तर भारतीय इंग्रजीचा संकेत द्या, स्वल्पविराम तरी लाखांच्याच जागी पडतील. दाखवलेला हा मजकूर पुन्हा वाचून त्यावर हिशोब करू नका. मूळ पैसे व्हेरिएबलमध्ये तसेच राहू द्या. आणि पट्टीवर ओळींच्या रकमा पैशांसकट छापा, म्हणजे ज्याला पाकिटाच्या मागे पडताळून पाहायचं असेल त्याला पाहता येईल.